ताडपत्रीखालचं भंगार

परदेशी लेकीकडे जाताना बायका मेतकूट नेतात, भाजणी नेतात, लोणचं चार पिशव्यांत गुंडाळून नेतात. मीही हे सगळं नेलं. शिवाय पर्सच्या आतल्या कप्प्यात माझं लोहचुंबक नेलं. मुंबईच्या विमानतळावर तपासणी करणाऱ्या मुलीने ते उलटसुलट करून पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, हे कशाला?" मी म्हटलं, "सवय आहे." तिने मान हलवून परत दिलं. जर्मनीतल्या माझ्या तीन आठवड्यांत जे काही घडलं त्यात या सुपारीएवढ्या वस्तूचा मोठा वाटा आहे, म्हणून आधी तिचं नाव घेतलं.

आता मी कोण ते सांगते. कोल्हापूरजवळ एमआयडीसीत आमची फौंड्री आहे. लोखंड वितळवायचं, साच्यात ओतायचं, कास्टिंग काढायचं. भट्टी आणि कामगार आमचे हे बघतात. भट्टीत पडणाऱ्या मालाची खरेदी तीस वर्षं माझ्याकडे आहे. माझ्या कार्डावर 'रॉ मटेरियल' असं छापलंय. त्या रॉ मटेरियलचा निम्म्याहून जास्त भाग म्हणजे भंगार: मोटारींच्या कारखान्यांतून निघालेली पत्र्याची कात्रणं, मोडके गिअर, गंजलेले ब्रेक ड्रम. उरलेलं पिग आयर्न, म्हणजे खनिजापासून नव्याने केलेलं कच्चं लोखंड. हे भंगार मीच निवडते, कारण ते मला येतं. माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणायचो, सांगलीत भंगाराचं दुकान चालवायचे. शाळेतून आले की दप्तर ठेवायचं आणि ढिगाजवळ चुंबक घेऊन बसायचं, हा माझा गृहपाठ. दादा म्हणायचे, "लोखंडाला म्हातारपण नसतं पोरी, नुसतं आजारपण असतं."

लग्न होऊन कोल्हापुरात आले तेव्हा पहिल्याच हळदीकुंकवाला चुलत सासूबाईंनी माझी ओळख करून दिली, "ही सांगलीच्या भंगारवाल्याची." त्यांच्या मनात वाईट नव्हतं, माणूस जे दिसतं तेच बोलतो. पण ते वाक्य माझ्या अंगाला चिकटलं ते चिकटलंच. तेव्हापासून मी माहेरचं बोलताना 'वडिलांचा मेटलचा व्यवसाय' म्हणू लागले. आणि आमच्या फौंड्रीतही एक रीत पडली: गिऱ्हाईक कारखाना बघायला येणार म्हटलं की आदल्या दिवशी गेटाला रंग लागायचा आणि भंगाराच्या ढिगावर निळी ताडपत्री चढायची. पाहुण्याला भंगार दिसलं तर तो म्हणेल, हे मोडकंतोडकं वितळवून आमच्या माथी मारतात. सगळ्या फौंड्र्या भंगार वापरतात, पाहुण्यालाही ते ठाऊक असतं, तरी ताडपत्री चढायचीच.

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक जर्मनीतली पंप करणारी एक कंपनी आहे. आमची मोल्डिंगची एक अख्खी पाळी त्यांच्या एका पंपाच्या कवचावर चालते. गेल्या वर्षी त्यांच्याकडून एक लांबलचक फॉर्म आला. तुमच्या एक किलो कास्टिंगमागे किती धूर हवेत गेला ते लिहा. वीज किती, कुठली. कच्चा माल काय, किती. याला कार्बन फुटप्रिंट म्हणतात, आणि युरोपात बाहेरून येणाऱ्या लोखंडाला आता तो विचारतात. ऑफिसातली मुलगी फॉर्म घेऊन माझ्याकडे आली, "वहिनी, कच्च्या मालात काय लिहू?" मी मान वर न करता सांगितलं, "लिही, शुद्ध पिग आयर्न." साहेबांच्या कागदावर भंगार कशाला? तेवढ्यावर मी तो विषय विसरूनही गेले.

दोन महिन्यांपूर्वी त्यांचं पत्र आलं. आकडा जास्त आहे, पुढच्या कराराआधी बोलायला हवं. यांचा गुडघा नुकताच बदललेला. हे म्हणाले, "तू मृणालकडं जाणारच हैस, तर जाऊन ये. भाव पाडायचं नाटक असतंय सगळं." मलाही तसंच वाटलं.

ब्राउनश्वाइग

मृणाल, माझी मुलगी, ब्राउनश्वाइगला राहते. जावई समीरराव पुण्याचे, तिथून जवळच मोटारींच्या कंपनीत इंजिनिअर आहेत. आणि सात वर्षांची इरा. इराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये येतं. मी विचारायचं, "बाळा, दूध पिणार?" आणि तिने म्हणायचं, "नाइन, दांके," म्हणजे नको, थँक्यू. दोन दिवसांत आमची गाडी त्याच रुळावर छान चालू लागली. तिला मी कळत होते आणि मला तिचे डोळे कळत होते.

मे महिना होता आणि सगळा देश पांढऱ्या शतावरीच्या मागे लागला होता. शपार्गेल म्हणतात तिला. रस्त्याकडेला तिच्यासाठी खास टपऱ्या लागतात, हॉटेलांत तिचं वेगळं मेनूकार्ड असतं. आपल्याकडे आंब्याचं जे कौतुक, ते यांच्याकडे या काड्यांचं. समीररावांनी हौसेने सोलून, उकडून, लोण्यात घोळवून वाढली.

"कशी वाटली, आई?"

मला ती आजारातून उठलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखी लागली. पण जावयाने रांधलेलं. "छान आहे हो," मी म्हटलं आणि पहिल्या संधीला ताटातल्या काड्यांवर लसणाची चटणी पसरली. समीररावांनी ते पाहिलं आणि गुपचूप स्वतःचं ताट पुढे केलं.

हार्त्सच्या पायथ्याशी

शुक्रवारी समीररावांनी सुट्टी काढून मला गाडीने नेलं. कंपनीचं गाव हार्त्स नावाच्या डोंगरांच्या पायथ्याशी आहे. वाटेत पिवळीधमक मोहरीसारखी शेतं, लाल कौलांची गावं, कुणी तरी रोज पुसत असावं असं सगळं. मग डोंगर दिसू लागले आणि मी काच खाली केली. उतारच्या उतार करडे होते. पान नसलेले हजारो उभे खांब.

"हे काय, समीरराव? आग लागली होती?"

"नाही आई. स्प्रूसची झाडं आहेत. काही उन्हाळे पाऊसच नीट झाला नाही, झाडं वीक झाली, मग बीटल लागला. आल्झो, म्हणजे, एक किडा असतो सालीखाली. काही वर्षांत एवढं सगळं गेलं."

जर्मनीत जंगल मरतं हे मला नवीन होतं. मला वाटायचं, पाऊस फक्त आपल्यालाच दगा देतो.

कंपनीत खरेदी बघणाऱ्या फ्राउ ब्रांट, म्हणजे ब्रांटबाई, भेटल्या. वय असेल पस्तिशीचं, आखूड केस, हातात स्वतःच आणलेला कॉफीचा ट्रे. दोन वर्षांपूर्वी त्या आमच्याकडे येऊन गेल्या होत्या, पांढरा रस्सा दोनदा मागून प्यायल्या होत्या. इंग्रजीत बोलणं झालं. गुडघ्याची चौकशी, रश्श्याची आठवण, आणि मग त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

पडद्यावर आलेखाचे उभे खांब होते. एक विजेचा, एक वाहतुकीचा, एक साच्यांच्या वाळूचा. आणि या सगळ्यांच्या डोक्यावरून गेलेला एक काळा खांब.

"हा तुमचा पिग आयर्नचा," फ्राउ ब्रांट म्हणाल्या. "नवं लोखंड करताना खनिज आणि कोक जाळावा लागतो, सगळा धूर तिथे होतो. विजेचं आपण पुढे बघू. पण हा खांब एवढा असेल तर मी हे कवच तुमच्याकडे ठेवू शकत नाही. तुर्कस्तानातली एक फौंड्री आहे, ती भंगार वापरते. तिचा आकडा खूप कमी आहे."

भंगाराचा धूर मागच्या जन्मीच होऊन गेलेला असतो. त्याला पुन्हा वितळवायला लागते ती फक्त वीज. हे मला कुणी शिकवायला नको होतं. मी ते रोज करत होते. आणि तो काळा खांब मी एका वाक्यात, मान वर न करता, स्वतःच्या हाताने उभा केला होता. कोल्हापुरातली मोल्डिंगची अख्खी पाळी त्या खांबाखाली उभी होती.

तिथल्या तिथे खरं सांगावंसं वाटलं, पण जमलं नाही. फॉर्मवर सही यांची होती. खरं बोलायचं तर आम्ही खोटं लिहून दिलं हे बोलायचं. मी एवढंच म्हटलं, "मला मंगळवारपर्यंत वेळ द्या." त्यांनी लगेच मंगळवारचा टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, वहीत लिहिला.

जेवणानंतर त्या आम्हाला कारखान्यामागच्या टेकाडावर घेऊन गेल्या. समोर तोच करडा उतार. "ही झाडं लावणाऱ्यांत माझे आजोबा होते," त्या म्हणाल्या. "मला लहानपणी वाटायचं, सगळं जंगल त्यांचंच आहे. ते गेले तेव्हा झाडं हिरवी होती. बरं झालं." मग खांदे उडवून म्हणाल्या, "लोक मला म्हणतात, तू फॉर्म भरून घेणारी बाई. असेन. पण मला माझ्या खिडकीतून हे रोज दिसतं."

परतताना गाडीतून मी पुन्हा तोच उतार बघत होते. मला तो फॉर्म म्हणजे साहेबी खूळ वाटलं होतं. या मुलीच्या खिडकीसमोरचा डोंगर त्या फॉर्मात होता, आणि मी त्यात हळदीकुंकवाचा जुना राग भरून पाठवला होता.

शनिवार, सकाळ

इथे शनिवारी सकाळी लोक कचरा टाकायला सहकुटुंब जातात, आपण बागेत जातो तसे. शहराचं एक आवार असतं, व्हेअर्टस्टॉफहोफ म्हणतात. तिथे एकेका मालाचे मोठाले डबे: लाकूड, काच, विजेच्या वस्तू, लोखंड. समीररावांना इराची जुनी सायकल आणि एक मोडका पंखा द्यायचा होता. मृणाल म्हणाली, "आई, तू कशाला येतेस? भंगार बघायला?" मी म्हटलं, "इराला सोबत."

लोखंडाच्या डब्याशी गेले आणि माझं चित्त हरपलं. काय माल होता! स्वच्छ, कोरडा, ना माती ना रंगाचे डबे. दादांनी पाहिला असता तर टोपी काढून नमस्कार केला असता. तेवढ्यात त्या सगळ्यात एक गुळगुळीत पातेलं दिसलं. हात आपोआप पर्समध्ये गेला. चुंबक लावलं, चिकटलं नाही. स्टेनलेस! लोखंडात स्टेनलेस टाकणं म्हणजे तांदळात साबुदाणा. मी वाकून पातेलं उचललं.

"हाल्ट!"

नारिंगी कोट घातलेला एक उंच म्हातारा धावत आला. डब्यात टाकायचं, काढायचं नाही, असा नियम असल्याचं समीररावांनी घाईघाईने सांगितलं आणि त्याची माफी मागू लागले. इरा माझ्या ओढणीमागे लपली. मागे रांग थांबली. मी पातेलं पुढे धरलं, त्याला चुंबक लावलं, सोडलं. चुंबक खाली पडलं.

म्हाताऱ्याने चुंबकाकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग कोटाच्या खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला दोरीने बांधलेलं एक चुंबक होतं, माझ्याएवढंच, कडा झिजलेलं. त्याने ते पातेल्याला लावलं. पडलं. तो म्हणाला, "गेनाऊ!" म्हणजे अगदी बरोबर, आणि पातेलं घेऊन स्वतः आपल्या टपरीजवळच्या वेगळ्या पेटीत टाकून आला.

मग त्याने समीररावांना काही विचारलं.

"आई, हे हेर क्राउझे. विचारतायत, तुमचा व्यवसाय काय?" समीरराव थोडे अडखळले. "मी सांगतो, रॉ मटेरियल..."

"भंगार," मी म्हटलं. "सांगा, भंगार निवडते. वडीलही तेच करायचे. त्यांचं दुकान होतं."

समीररावांनी माझ्याकडे वळून पाहिलं. त्यांना हे बारा वर्षांत पहिल्यांदा कळत होतं. मग त्यांनी जर्मनमध्ये सांगितलं. हेर क्राउझेंनी हातमोजा काढला, माझा हात हातात घेतला आणि मोठ्याने म्हणाले, "कोलेगिन!" याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती. तिथेच, जुन्या सायकलींच्या शेजारी उभं राहून मला रडू आलं. समीररावांना वाटलं, ओरडल्यामुळे. इराने माझ्या हातातलं चुंबक घेतलं आणि स्वतःच्या जुन्या सायकलीला सगळीकडे लावून पाहिलं.

घरी आल्यावर स्वयंपाकघरात मृणालला सगळं सांगितलं. चुंबकाचं, खांबाचं, फॉर्मचं. ती कांदा चिरायची थांबली.

"आई! म्हणजे भंगार लिहिलं असतं तर प्रॉब्लेमच नव्हता?"

"नव्हता."

"आणि बाबांना माहीत आहे?"

"नाही."

ती हसायला लागली, मग हसता हसता तिचे डोळे भरले. "मी पण समीरला सांगितलं होतं, आजोबांचा मेटल ट्रेडिंगचा बिझनेस होता. ट्रेडिंग! मला आजोबांचं दुकान इतकं आवडायचं गं. त्या तराजूवर ते माझं वजन करायचे."

"अहो, मी इथेच आहे," दारातून समीरराव म्हणाले.

"ऐकलंस ना? बरं झालं," मृणाल म्हणाली आणि पुन्हा कांदा चिरू लागली.

मी कोल्हापूरला फोन लावला. यांना सगळं सांगितलं. हे रागावणार, अशी मी मनाची तयारी केली होती. पण हे म्हणाले, "पहिली ताडपत्री कुणी आणली होती, आठवतंय?"

"तुम्हीच."

"मग? तुझ्या एकटीचं न्हवं ते. दोघांनी झाकलंय. सांगून टाक जा. आणि काय लागंल ते माग, मी मारुतीला सांगतो."

मारुती आमचा भट्टीवाला. रविवारी दुपारपर्यंत त्याने मला फोनवर हीटच्या वह्यांची दीडेकशे पानं पाठवली. भट्टीचा एक घाणा म्हणजे एक हीट. तिच्यात काय काय घातलं ते मारुती दर वेळी वहीत लिहितो, गेली कित्येक वर्षं, तेलाच्या बोटांनी. ती पानं वाचण्याच्या नादात मी मृणालच्या रिकाम्या बाटल्या घेऊन कोपऱ्यावरच्या काचेच्या पेटीशी गेले आणि धडाधड आत टाकू लागले. दुसऱ्या मजल्यावरून एक बाई ओरडल्या. रविवारी बाटल्यांचा आवाज करायचा नसतो म्हणे, सुट्टी असते. मला त्याही दिवशी नियमच मोडायचे होते बहुतेक. उरलेल्या बाटल्या मी तान्ह्या बाळासारख्या उचलून परत आणल्या.

मंगळवार

समीरराव याही वेळी सोबत आले होते. फ्राउ ब्रांटना मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. पाठ केलेलं इंग्रजी विसरले, जे सुचलं ते बोलले. आम्ही भंगार वापरतो. निम्म्याहून जास्त. फॉर्ममध्ये खोटं लिहिलं, आणि ते लिहायला मी सांगितलं.

त्यांचा चेहरा बंद झाला. "म्हणजे तुमच्या कंपनीच्या सहीचा फॉर्म खोटा आहे."

"हो."

"का? त्यात तुमचं नुकसानच झालं."

आमच्याकडे भंगार ही लाजेची गोष्ट आहे, हे इंग्रजीत सांगताना मलाच खुळ्यासारखं वाटलं. त्यांना कळेना. मग एकदम त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"तो निळा डोंगर! मी आले होते तेव्हा गेटाजवळ होता. मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, वाळू आहे."

"ते भंगार होतं."

समीरराव खाली बघत होते. फ्राउ ब्रांट हसल्या नाहीत. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "एकदा तुम्ही मला वाळू म्हणालात. एकदा शुद्ध पिग आयर्न म्हणालात. आता भंगाराचा आकडा कमी येतो हे कळल्यावर भंगार म्हणताय. यातलं तिसरं खरं आहे हे मी कशावरून मानू?"

तो प्रश्न रास्त होता. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं, आणि कदाचित इतक्या सभ्यपणे विचारलं नसतं. मी फोन टेबलावर ठेवला आणि मारुतीची पानं उघडली. आताची नाहीत, सर्वांत जुनी.

"ही वही तुमचा फॉर्म येण्याच्या कितीतरी आधीची आहे," मी म्हटलं. "तेव्हा धुराचं कुणी विचारत नव्हतं. आणि आमच्या वहीत आम्ही लाजेची गोष्ट उगाच कशाला लिहू?"

त्यांनी पान मोठं करून पाहिलं. मारुतीचं मराठी, तेही मारुतीच्या अक्षरात. आम्ही वाचायला सुरुवात केली. मी ओळ वाचायची, समीररावांनी जर्मन करायचं, फ्राउ ब्रांटनी लिहून घ्यायचं. पत्र्याचं भंगार इतकं. रनर-रायझर, म्हणजे आमच्याच कास्टिंगचे तोडलेले तुकडे, इतके. पिग आयर्न, इतकं. एका पानावर मारुतीने समासात लिहिलं होतं, 'वहिनींनी ब्रेक ड्रम परत पाठवले, माल तेलकट.'

"वहिनी म्हणजे कोण?" फ्राउ ब्रांटनी विचारलं.

"मी."

"तुम्ही परत पाठवले?"

"तेलकट माल भट्टीत घालायचा नसतो. धूर होतो," मी म्हटलं, आणि म्हटल्यावर माझं मलाच हसू आलं. मग त्याही हसल्या, पहिल्यांदाच. दुपार उलटेपर्यंत आम्ही वाचत होतो. मध्ये त्यांनी आपल्या डब्यातलं ब्रेड आणि चीज आमच्यात वाटून टाकलं.

शेवटी त्यांनी जे सांगितलं ते गोड नव्हतं, पण सरळ होतं. कवच तूर्त आमच्याकडे राहील. जुना फॉर्म रद्द, नवा भरायचा, आणि चूक कशी झाली ते पत्रात कबूल करायचं. वीज कोळशाचीच आहे, त्याचं काय करणार तेही लिहायचं. आणि दिवाळीनंतर त्या स्वतः येऊन ढीग बघणार. "ढीग," त्या दोनदा म्हणाल्या. "वाळू नाही."

पार्कातला रविवार

निघायच्या आदल्या रविवारी तिथल्या मराठी मंडळींनी पार्कात डबा पार्टी केली. साबुदाणा वडे, पावभाजी, कुणाची तरी पुरणपोळी. निम्मे लोक मोटारींच्या कंपन्यांतले, त्यामुळे वड्याबरोबर बॅटरीवर चर्चा. पुण्याहून मुलाकडे आलेल्या एक काकू माझ्याशेजारी बसल्या होत्या. चौकशी झाली. फौंड्री म्हटल्यावर त्यांनी कौतुकाने विचारलं, "अय्या! मग तुम्ही पण जाता का कारखान्यात? तुमच्याकडे काय असतं?"

इतकी वर्षं तोंडात बसलेलं उत्तर ओठांवर आलंच होतं. पण माझ्याआधी इरा बोलली. तोंडात वडा, हातात माझं चुंबक. शनिवारपासून ते तिच्याकडेच असायचं. तीन आठवड्यांत माझ्याशी एक अख्खं मराठी वाक्य न बोललेली ती पोर म्हणाली, "माझी आजी भंगारवाली आहे."

काकूंचा घास थांबला. मृणालने माझ्याकडे पाहिलं.

"हे लावते," इराने चुंबक दाखवलं. "मग तिला कळतं, कोणतं चांगलं."

"गेनाऊ," मी म्हटलं. मृणाल उठली, इराच्या केसांवरून हात फिरवला आणि काकूंना म्हणाली, "माझे आजोबाही भंगारवाले होते, सांगलीचे." मग तिने त्यांच्या ताटात अजून एक वडा वाढला.

निघताना चुंबक इरालाच ठेवून यावं असं फार वाटलं. तिनेच ते माझ्या पर्समध्ये परत टाकलं. आजीला कामाला लागेल, असं ती म्हणाली, जर्मनमध्ये.

घरी

कोल्हापुरात उतरले तशी घरी न जाता फौंड्रीवर गेले. गेट ताजं रंगवलेलं होतं. आणि आत शिरल्या शिरल्या समोर तो निळा डोंगर, दोऱ्या ताणून, कोपरे दगडांनी दाबून, नेहमीपेक्षाही नीट.

"हे काय हो?" मी यांना विचारलं. "आपलं बोलणं झालं होतं ना?"

हे ओशाळले. "मी न्हाई सांगितलं. मारुतीनं केलं."

मारुती भट्टीकडून धावत आला, घामाने निथळत, चेहऱ्यावर आनंद. "वहिनी जर्मनीहून येणार म्हटल्यावर जरा बरं दिसाय नको व्हय?"

त्या बिचाऱ्याचं काय चुकलं? पाहुणा येणार म्हटलं की झाकायचं, हे त्याला आम्हीच तर शिकवलं होतं, आणि आज पाहुणी मी होते. मी बॅग खाली ठेवली, पदर खोचला आणि पहिल्या दोरीची गाठ सोडायला बसले. गाठ घट्ट होती. हे नवा गुडघा सांभाळत दुसऱ्या टोकाला गेले. मारुती मधे उभा राहून दोघांकडे बघत राहिला, मग त्यानेही एक कोपरा धरला.

ताडपत्री सरकत खाली आली. दुपारच्या उन्हात कात्रणं, गिअर, ड्रम सगळं उघडं पडलं, जसंच्या तसं, गंजलेलं. मला दादांची फार आठवण आली. पर्समधून चुंबक काढलं आणि समोरच्या पहिल्या तुकड्याजवळ नेलं.

टक् करून चिकटलं.